पाठमोऱ्या बाईचे दोन शब्द

बाबा कविता म्हणायच्या आधी खाकरत, आणि ते खाकरणं कानावर पडलं की आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये ज्याला जिकडे वाट फुटेल तिकडे तो पळे. मी बाथरूममध्ये, आई स्वयंपाकघरात. माझं पळणं सशासारखं होतं. आईच्या पळण्यात रुबाब होता. ती हातातल्या मासिकात नीट खूण घालायची, उठायची, पदर किंवा ओढणी जे काय असेल ते खोचायची आणि मिक्सर लावायची. आता तिघांच्या घरात आठवड्याला चटणी लागून लागून किती लागते? पण आमच्या फळीवर लसणीची, जवसाची, कारळाची, दाण्याची अशा बरण्याच बरण्या उभ्या असत. पाहुणे म्हणत, परदेशात राहून वहिनींनी काय हौस टिकवलीय! हौस कसली डोंबलाची. बाबांची प्रतिभा बहरली की आमच्याकडे चटणी बहरायची.

बाबा मरीन इंजिनिअर. माझ्या लहानपणी ते बोटीवर असत आणि मी साधारण दहाची झाल्यावर कायमचे किनाऱ्यावर आले. बुओना व्हिस्टाला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं फोनवरून दुरुस्त करायची, असं काहीतरी त्यांचं काम होतं. दिवसभर फोनवर ओरडून घरी आले की आंघोळ, मग लुंगी, मग कविता. सगळ्या समुद्राच्या. एवढा मोठा समुद्र, पण बाबांनी त्याला पुरता पिळून काढला होता. ऐकायला आम्ही दोघी नसू, म्हणून ते दार उघडून कॉरिडॉरमध्ये उभे राहत. तिथे शेजारच्या तान आंटी आपल्या कुंड्यांना पाणी घालत असायच्या. त्यांना मराठीचा गंध नाही, पण बाई मोठी दिलदार. झारी खाली ठेवून, हात जोडून त्या अख्खी कविता ऐकत आणि शेवटी मान हलवत म्हणत, "वाऽ. सो सॅड आह?" बाबांनी एकदा त्यांना लाटांची विनोदी कविता ऐकवली, तेव्हाही त्यांनी डोळे पुसले. बाबा म्हणाले, "जगात एवढा एकच रसिक उरलाय, आणि तोही चिनी."

आई बँकेत अकाउंट्सला होती. तिला कवितेचं वावडं आहे हे आमच्या घरातलं सर्वमान्य सत्य होतं, जसं मला दुधीचं वावडं आहे किंवा बाबांना सुट्टीच्या दिवशी दाढीचं. लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली होती, पण तिने बाबांची एकही कविता पुरती ऐकलेली नव्हती. मंडळाच्या गणपतीत बाबा स्टेजवर गेले की ती मागे चहाच्या कपांवर देखरेख करायला जाई. कुणी चिडवलं तर म्हणे, "माझं डोकं आकड्यांचं. मला नाही कळत." आणि विषय संपला. बाबा हसण्यावारी नेत. पण मी बघत होते ना, मिक्सर सुरू झाला की त्यांचा आवाज आधी एक पट्टी वर चढे आणि मग हळूच खाली येई.

त्या वर्षी बाबांना पन्नास पूर्ण होणार होती. आईने जेवताना विचारलं, "काय घेऊ तुम्हाला? घड्याळ बघून ठेवलंय मी." बाबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाले, "घड्याळ नको. एक कविता ऐक. बसून. शेवटपर्यंत." आईने बाबांच्या ताटात आमटी वाढली, त्यांनी मागितली नव्हती तरी वाढली, आणि म्हणाली, "घड्याळाला वॉरंटी असते." बाबा खोखो हसले. मीही हसले. पण त्यानंतर बाबा कॉरिडॉरमध्ये गेले नाहीत, टीव्हीवर फुटबॉल लावून बसले. आणि फुटबॉल तर त्यांना अजिबात आवडत नसे.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या आर्टच्या वर्गाला म्युझियमला नेलं. युरोपातल्या जुन्या साप्ताहिकांमधली व्यंगचित्रं त्यांच्या संग्रहात आली होती आणि त्यांतलं एक निवडून आम्ही त्यावर लिहायचं होतं. मी एका कोपऱ्यात वळले आणि जी काय फिसकन हसले की बाईंनी दोन दालनांपलीकडून डोळे वटारले. भिंतीवर बाबा होते! म्हणजे हातपंख्याएवढ्या चौकटीत एक धडपड्या कवी होता. काटकुळा, पोट मात्र थोडं सुटलेलं, पायजम्याला ठिगळ, एक पाय खुर्चीवर, एक हात आढ्याकडे, नाकावर शाई. तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. श्रोते दोन, एक झोपलेलं मांजर आणि एक जागा उंदीर. आणि मागे चुलीपाशी कवीची बायको, आपल्याकडे पाठ करून, एकुलता एक कांदा सोलत असलेली. खाली चित्रकाराचं नावही नव्हतं. व्यंगचित्र कसलं, आमचा फॅमिली फोटोच तो. मी म्युझियमच्या दुकानातून त्याचं पोस्टकार्ड आणलं आणि घरी फ्रिजवर लावलं.

बाबांनी ते पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. मला वाटलं चिडतात आता. ते म्हणाले, "अनू, हा माणूस भिंतीवर आहे गं!" मी म्हटलं, "बाबा, ती चेष्टा आहे. त्याची खिल्ली उडवलीय." "उडवू दे की. त्या गावात बँकर नव्हते का? वकील नव्हते? त्यांची कुठायत चित्रं? हा बिचारा उपाशी राहिला, बोंबलत राहिला, म्हणून शेवटी म्युझियमात पोचला." आईने वाकून पोस्टकार्ड बघितलं. तिला त्या पाठमोऱ्या बाईचं काय वाटलं ते कळेना. "कांदा बरोबर धरलाय," एवढंच म्हणाली.

शनिवारी जोगळेकर काका थालीपीठं खायला आले. हे आमच्या मंडळाचे सत्कारसम्राट. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, पण खरा जीव सत्कारात. मराठी माणसाला दोन खुर्च्या आणि एक टेबलक्लॉथ मिळाला की तो सत्कार करतो हे खरं, पण जोगळेकर काकांना खुर्च्याही लागत नसत. त्यांच्या गाडीच्या डिकीत कायम एक घडी न मोडलेली शाल असे. पाणी प्यायला फ्रिजपाशी गेले आणि तिथेच थबकले. बाबांनी त्यांना चित्राची कथा सांगितली. काका गंभीर झाले. "गद्रे, या माणसाचा कधी सत्कार झाला असेल?" बाबा म्हणाले, "छे हो, याला कोण करतंय?" "मग आपण करू." मी थालीपीठ हातात धरून बघतच राहिले. मला वाटलं गंमत करतायत. पण लोणी वितळायच्या आत कार्यक्रम ठरला. बाबांचा वाढदिवस रविवारी, म्हणजे कार्यक्रमही त्याच दिवशी. स्थळ म्युझियम. प्रास्ताविक जोगळेकर. परदेशस्थ, परभाषिक, परलोकवासी कवीचा शाल-श्रीफळ देऊन हृद्य सत्कार!

आज हे मी माझ्या पुंगोलच्या घरात बसून लिहितेय, केस पिकू लागलेत, आणि माझी मुलगी खांद्यावरून वाचून म्हणते, "मम्मा, युअर फॅमिली सो ड्रामा, लह." आहेच मुळी.

रविवारी आम्ही निघालो ती वरातच होती. बाबांनी खादीचा कुर्ता घातला होता. जोगळेकर काका ब्लेझरमध्ये, खिशात घरीच छापलेली सत्काराची पत्रिका. तान आंटींना बाबांनी बोलावलं होतं, त्या मोत्यांची माळ घालून आल्या होत्या. आई यायला तयार नव्हती, पण नंतर सगळे बाहेर जेवणार होते आणि बाबा वाढदिवसाला काय अरबटचरबट खातील यावर लक्ष ठेवायला ती आली, निदान तिने कारण तरी ते सांगितलं. सेरंगूनला तेव्हा मोठा मॉल नव्हता, नुसतं गवत होतं, आणि एमआरटीची, म्हणजे मेट्रोची, ती लाइन नवीकोरी होती. मधे लिटिल इंडियाला काका खाली उतरले, कारण सुपरमार्केटातला बोडका नारळ त्यांना चालेना. "शेंडी नसलेलं श्रीफळ म्हणजे अपमान," म्हणाले. आम्ही प्लॅटफॉर्मवर ताटकळत राहिलो आणि काका विजयी वीरासारखे जटाधारी नारळ घेऊन परत आले.

म्युझियमच्या दाराशी पहिला घात झाला. बॅगा तपासणारे मलाय अंकल होते, पांढऱ्या मिशांचे, अतिशय सभ्य. त्यांनी पिशवीत डोकावलं, नारळाने त्यांच्याकडे डोकावलं. "नो फूड इनसाइड, सर," असं काहीतरी ते म्हणाले. काका म्हणाले, "धिस इज नॉट फूड. धिस इज ऑनर." अंकलनी नारळ कानाशी हलवून बघितला. आत पाणी खळखळलं. "ऑनर हॅज वॉटर, सर. कॅनॉट." बाबा हसून हसून खांबाला टेकले. काकांनी भारतीय संस्कृतीवर छोटंसं भाषण केलं, अंकलनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग अतिशय आदराने नारळ दोन्ही हातांनी उचलून सामानाच्या खणात ठेवला आणि काकांच्या हातात बिल्ला दिला. काका क्षणभर खचले. पण सत्काराचा माणूस असा हरत नाही. "बिल्ला तर बिल्ला. बिल्ला दाखवला की नारळ मिळतो, म्हणजे बिल्ला हाच नारळ," त्यांनी जाहीर केलं.

चित्रासमोर आम्ही अर्धगोलात उभे राहिलो. काकांनी घसा साफ केला आणि प्रास्ताविक सुरू केलं. हळू आवाजात म्हणून सुरू केलेलं, पण मंडळाच्या हॉलची सवय, आवाज चढत गेला. "ज्यांनी आपल्या अवघ्या काव्यसाधनेत मूषकालाही श्रोता मानलं..." मी ओठ चावून धरले होते. एक शाळेची सहल येऊन मागे उभी राहिली. मुलांना वाटलं हा म्युझियमचाच कार्यक्रम असणार, ती मांडी घालून खाली बसली. दालनातल्या गार्ड बाई वॉकी-टॉकी हातात धरून विचारात पडल्या, की या लोकांनी नियम नक्की कुठला मोडलाय? चित्राला कुणी हात लावला नव्हता, खाणंपिणं नव्हतं, बोलायला बंदी नव्हती. त्याही मग ऐकू लागल्या.

आणि मग काकांनी सवयीने, निव्वळ सवयीने, ते वाक्य उच्चारलं. "सत्कारमूर्ती काही अपरिहार्य कारणामुळे उपस्थित राहू शकत नाहीत. त्यांच्या वतीने हा सत्कार त्यांच्या सुविद्य पत्नीने स्वीकारावा अशी मी विनंती करतो." सगळ्यांनी चित्रातल्या बाईकडे पाहिलं. ती पाठ करून कांदा सोलत होती. काकांच्या लक्षात आलं, पण हातात शाल उलगडलेली. आपल्याकडे एकदा उलगडलेली शाल कुणाच्या तरी खांद्यावर पडल्याशिवाय परत घडी होत नाही. त्यांची नजर फिरली आणि आईवर थांबली. "वहिनी, तुम्हीच या. कवीची बायको ती कवीची बायको."

आई म्हणाली, "इश्श, काहीतरीच काय!" पण एसी मरणाचा गार होता आणि शाल तोवर खांद्यावर आलीही होती. काकांनी तिच्या ओंजळीत नारळाचा बिल्ला ठेवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तान आंटींनी सर्वांत जोरात वाजवल्या. "आता कवीच्या वतीने दोन शब्द," काका म्हणाले आणि बाजूला झाले.

मला वाटलं, आई आता सरळ चालू पडणार. तिने बिल्ला मुठीत धरला. एकदा चित्राकडे बघितलं. मग मराठीतच बोलायला लागली, बँकेतल्या मीटिंगमध्ये बोलावं तशी, हात पोटाशी बांधून.

"कवीच्या वतीने मला काही बोलायचं नाही. कवी स्वतःच बोलतायत, पडजीभ दिसतेय. मी हिच्या वतीने बोलते. या चित्राला सगळे हसतात, आमची अनू पण हसली. हसा. पण ही पाठ करून का उभी आहे ते कुणी विचारलंय? सगळ्यांना वाटतं हिला कळत नाही. दगड आहे, चुलीपुढे जन्म गेला. अहो, कळतं हिला. चांगलं कळतं. कळतं म्हणून पाठ केलीय."

बाबांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"आमच्या लग्नानंतर हे पहिल्यांदा सुट्टीवर आले," आई म्हणाली. आता ती चित्राकडे बघत नव्हती. "अनू पोटात होती. यांनी मला कविता म्हणून दाखवली. भर समुद्रात इंजिन बंद पडतं, बोट आडवी होते. फोनवर हे नेहमी म्हणायचे, सगळं मस्त चाललंय. आणि कवितेत म्हणे बोट आडवी! मी अर्ध्यातून उठले. मला पुढचं ऐकवेना. हे पुन्हा बोटीवर गेले आणि मी आपली पोट घेऊन खिडकीत बसायची. यांचा फोन आला की मस्त, आणि फोन ठेवला की इंजिन बंद. मग मी ठरवलं, यांनी फोनवर सांगितलेलं तेवढं ऐकायचं. कविता ऐकायची नाही. कारण हा माणूस खरं फक्त कवितेत बोलतो. आता किनाऱ्यावर आहेत, माहितीये मला, डोळ्यांसमोर आहेत. पण कानांना कोण सांगणार? खाकरले की माझ्या पोटात खड्डा पडतो. म्हणून मिक्सर." आणि मग सवयीने, मंडळात सगळे म्हणतात तसं, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते."

कुणी टाळी वाजवली नाही. मुलांनासुद्धा काहीतरी कळलं असावं. मी तिथे सोळा वर्षांची उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा आईकडे बघत होते असं मला वाटलं. रडू येत होतं, आणि त्याच वेळी तिच्या त्या शालीचं आणि मुठीतल्या बिल्ल्याचं हसू फुटत होतं. ते दोन्ही एकदम कसं करायचं ते मला अजून जमत नाही.

बाबा म्हणाले, "अगं, मला वाटायचं तुला आवडत नाहीत." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. आई म्हणाली, "आवडण्याचा प्रश्नच कुठे आला?" मग दालनाच्या मधोमध बाक होता तिथे जाऊन ती बसली, शाल आवळून घेतली आणि म्हणाली, "म्हणा. तीच म्हणा. पन्नास वर्षांचे झालात, एकदाचं होऊन जाऊ दे."

बाबा तिच्यासमोर उभे राहिले. खाकरले नाहीत. हात आढ्याकडे गेला नाही. मी बाबांना असं कविता म्हणताना कधी ऐकलं नव्हतं, नुसतं बोलल्यासारखं.

भर दुपारी इंजिन थांबलं
आणि समुद्राला पहिल्यांदा
आमचा श्वास ऐकू आला.

पुढे बोट आडवी झाली, डबे घरंगळले, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. आईचे पाय फरशीवर घट्ट रोवलेले मला दिसत होते, जणू बाकच हलत होता. जिथे ती कधीकाळी उठली होती ती ओळ आली असावी, कारण तिने तान आंटींचा हात धरला. पण ती उठली नाही. बाबा शेवटाला आले.

आता बोट म्हणजे
कुणीतरी जेवून उठलेलं
अजून न उचललेलं ताट.

"वाहवा! क्या बात है!" जोगळेकर काकांनी मांडीवर थाप मारली. आंटींनी डोळे पुसले. बाबा आईकडे बघत होते.

आई म्हणाली, "पुढे?"

"पुढे काही नाही. संपली कविता."

"संपली? आणि इंजिन?"

"अगं, कविता तिथेच संपते. ती शांतता हाच शेवट आहे."

आई ताडकन उठली. शाल घसरली ती तिने तशीच एका हाताने धरली. "अहो, शेवट काय शेवट! इतकी वर्षं मला वाटतंय मी अर्ध्यातून उठले, म्हणून माझ्या डोक्यात ते इंजिन बंद. पुढे कुठेतरी सुरू झालं असेल, पुरती ऐकली असती तर कळलं असतं, अशी मी स्वतःलाच दोष देतेय. आणि तुम्ही ते सुरूच केलं नाहीत? तुमची बोट अजून तिथेच उभी आहे?" तिचा आवाज दालनभर घुमला. गार्ड बाई दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या.

बाबा गडबडले. "नाही, म्हणजे सुरू केलं ना आम्ही. हा काय मी, उभा आहे ना."

"कसं केलं?"

"बोट हेलकावत होती, टाकीतला गाळ ढवळून वर आला होता. इंधनाचे फिल्टर तुंबले. धुतले आम्ही. पुन्हा तुंबले, पुन्हा धुतले."

"मग?"

"मग झालं सुरू. संध्याकाळ व्हायच्या आत."

"तुम्हाला काही लागलं?"

"हात भाजला थोडा. हे बघ, इथे."

आईने तो हात हातात घेऊन बघितला, उलटा करून, सुलटा करून. रोज ज्या हाताला चहाचा कप देत आली तो हात. "मला म्हणालात इस्त्रीने भाजलं," ती म्हणाली. "आणि मग काय केलंत सगळ्यांनी?"

"काय करणार? बोटीवरच्या आचाऱ्याने चहा केला."

"प्यालात?"

"प्यालो. साखर नव्हती, डबा सांडला होता."

आईने खाली बसून मोठा श्वास सोडला आणि रडता रडता हसायला लागली, इतकी की मग बाबा, मग मी, मग काहीही न कळलेल्या तान आंटी, आणि त्या सहलीतली मुलंसुद्धा. "हे लिहा," आई डोळे पुसत म्हणाली. "हे सगळं लिहा त्यात." बाबांनी जोगळेकर काकांचं पेन मागून घेतलं आणि बाकावर तिच्या शेजारी बसून सत्काराच्या पत्रिकेच्या मागे लिहू लागले. ती त्यांच्या खांद्यावरून वाचत होती आणि म्हणत होती, "साखरेचं राहिलं."

पुढे ती कविता भारतातल्या एका दिवाळी अंकाने स्वीकारली. संपादकांचा फोन आला तेव्हा मी घरी होते. ते फार आदराने बोलत होते, कविता उंचीवर जाते म्हणाले, फक्त ताटाच्या प्रतिमेनंतरच्या त्या फिल्टर, चहा आणि साखरेच्या ओळी सपाट आहेत, त्या काढू या का? आयुष्यभर छापून येण्यासाठी तडफडलेले माझे बाबा, त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं आणि फोनवर म्हणाले, "कविता नाही छापलीत तरी चालेल, साहेब. पण इंजिन सुरू झालंच पाहिजे."